मुलीला शाळेत 'नाइट' लावलंय, घरी काय करावं?

इतर पालकांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचे प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुमची मुलगी न्यू जर्सीत दहावीत आहे. इंग्रजीच्या तासाला एली वीझेल यांचं 'नाइट' सुरू झालंय; नाझींच्या छावणीतून वाचलेल्या या ज्यू लेखकाचं हे आत्मकथन. पहिले दोन-तीन भाग वाचल्यापासून ती गप्प गप्प आहे, अर्ध्या जेवणावरून उठते. त्यात गृहपाठाला 'या पुस्तकातल्या प्रतीकांवर लिहा' असा प्रश्न आला आणि तुम्ही चिडलात. माणसं जिथे जाळली तिथे प्रतीकं कसली शोधायची? हे इतिहासाच्या तासाला का शिकवत नाहीत? आणि परवा तिनं विचारलं की आपल्या दारावरचं स्वस्तिक काढून टाकायचं का.

मी याच राज्यातल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवते आणि बरीच वर्षं दहावीच्या वर्गात हे पुस्तक घेत आलेय. तुमचा राग मला पटतो, पण पुस्तक भाषेच्या तासाला असणं योग्य आहे असं मी ठामपणे म्हणेन.

इतिहासाच्या तासाला हा विषय असतोच. न्यू जर्सीत १९९४ पासून नाझी नरसंहार आणि इतर वंशसंहार शाळेत शिकवणं कायद्यानं बंधनकारक आहे. तुमच्या मुलीला आकडे माहीत असणार: साठ लाख ज्यू मारले गेले, एकट्या ऑशविट्झच्या छावणीत सुमारे अकरा लाख माणसं मेली आणि त्यातले जवळपास दहा लाख ज्यू होते. पण साठ लाख हा आकडा पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनात राहत नाही, आपल्याही राहत नाही. एका मुलाचं, एका बापाचं, एका गावाचं काय झालं हे त्या मुलाच्याच शब्दांत वाचायचं, तर शब्दांकडे नीट बघावं लागतं. ते काम भाषेच्या तासाचं.

हे पुस्तक कसं तयार झालं तेही बघा. वीझेल यांचा जन्म १९२८ चा, ट्रान्सिल्व्हेनियातल्या सिगेट गावचा. हा भाग आज रोमानियात आहे, त्यांच्या जन्मावेळीही होता, पण १९४० पासून युद्धाच्या काळात हंगेरीच्या ताब्यात होता. सुटकेनंतर दहा वर्षं त्यांनी छावणीबद्दल काही लिहिलं नाही. मग आधी यिद्दिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत लिहिलं, ते १९५६ मध्ये ब्युनोस आयर्सला छापलं गेलं. ते बरंच मोठं होतं आणि त्यात संताप उघड होता. १९५८ च्या फ्रेंच पुस्तकात त्यांनी भरपूर काटछाट केली, आणि १९६० मध्ये इंग्रजीत आलं ते हे सव्वाशेहून कमी पानांचं पुस्तक. म्हणजे ज्यानं हे सगळं भोगलं त्यानंच ठरवलं की काय ठेवायचं, काय गाळायचं, वाक्य कुठे तोडायचं. या निवडींकडे लक्ष दिलं नाही, तर त्यानं सांगितलेलं आपण अर्धवटच ऐकलं असं होतं.

एक जागा दाखवते. गाडी ऑशविट्झच्याच बिर्केनाऊ भागात पोचल्यावर एक एसएसवाला, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझी दलाचा माणूस, हुकूम सोडतो: पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे. दोन तुटक वाक्यं. तेवढ्या वेळात आई आणि धाकटी बहीण त्सिपोरा दूर जातात. आई त्सिपोराच्या केसांवरून हात फिरवत चाललेली दिसते, आणि एली वडिलांचा हात धरून पुढे जातो. तो क्षण शेवटचा आहे हे त्याला तेव्हा कळत नाही. ते सांगतो तो मोठेपणीचा लेखक. वर्गात मी या परिच्छेदावर जवळजवळ पूर्ण तास घालवते. इथे तेव्हाचा मुलगा कुठे बोलतो आणि वर्षांनंतरचा माणूस कुठे, हे मुलांना पेन्सिलीनं खुणा करून दाखवायला सांगते. मग पुढची एक जागा काढतो. छावणीत बापलेक आईविषयी बोलतात: ती अजून तशी तरुण आहे, त्सिपोराही मोठी झालीय, त्या कुठल्या तरी कामाच्या छावणीत असतील. दोघांचाही त्यावर विश्वास नाही. दोघंही एकमेकांसाठी विश्वास असल्याचं सोंग करतात. ही चार-सहा वाक्यं नीट वाचलेला मुलगा पुन्हा कधी 'या पुस्तकाचा विषय काय' याचं एका ओळीत उत्तर देत नाही.

आता प्रतीकांचा प्रश्न. तो वाईट पद्धतीनं विचारला जातो हे मला मान्य आहे. 'आग म्हणजे अमुक, रात्र म्हणजे तमुक' अशा याद्या इंटरनेटवर ढिगानं मिळतात आणि मुलं त्या उतरवून काढतात. माझा नियम असा की वस्तू आधी वस्तू म्हणून वाचायची. पुढे ऑशविट्झच्याच बुना या कामाच्या छावणीत एकदा वडिलांना कळतं की निवडीत आपला नंबर टिपला गेलाय. निवड म्हणजे कोण कामाला ठेवायचा आणि कोण गॅस चेंबरला पाठवायचा याची चाचणी. मुलाला कामावर जायचंय. वडील घाईघाईनं आपली सुरी आणि चमचा त्याच्या हातात देतात: ठेव तुझ्याकडे, लागेल तुला. हा त्याचा वारसा. आता मुलांना विचारायचं, छावणीत चमच्याची किंमत काय होती? कैद्यांना चमचा फुकट मिळत नसे, भाकरीच्या बदल्यात मिळवावा लागे. चमचा नसेल तर सूप जनावरासारखं वाटीत तोंड घालून प्यायचं. हे कळल्यावरच त्या 'वारसा' शब्दाचं वजन समजतं. सिगेटला या माणसाचं दुकान होतं, ज्यू समाजात मोठा मान होता, लोक सल्ल्याला येत. संध्याकाळी मुलगा परत येतो तेव्हा वडील अजून जिवंत असतात, आणि तो सुरी-चमचा त्यांना परत देतो. तुमच्या मुलीनं या एका चमच्यावर दीड पान लिहिलं, तर तिच्या शिक्षकांना ते कुठल्याही यादीपेक्षा जास्त आवडेल. तेच करायला सांगा तिला.

या वयाची मुलं हटकून विचारतात, 'हे लोक पळून का गेले नाहीत?' घरीही हा प्रश्न येईल, म्हणून जरा सविस्तर लिहिते. जर्मन फौजा हंगेरीत शिरल्या १९ मार्च १९४४ ला. एप्रिलमध्ये सिगेटला घेट्टो झाला, म्हणजे ज्यूंना एका वेगळ्या वस्तीत कोंडलं. मेच्या मध्यापासून गाड्या निघाल्या. दोन महिन्यांत सगळं संपलं. १५ मे ते ९ जुलै या काळात हंगेरीतून सुमारे चार लाख चाळीस हजार ज्यू नेले गेले, त्यातले बहुतेक ऑशविट्झला, आणि बहुतेक पोचल्या दिवशीच मारले गेले. माणसं घराघरांतून काढून गाडीत भरायचं काम मुख्यतः हंगेरीच्याच जेंडार्म पोलिसांनी केलं. मुलांना वाटतं सगळं जर्मनांनीच केलं, तिथे थांबून सांगावं लागतं. आणि हे घडलं तेव्हा जर्मनी युद्ध हरत होता, रशियन सैन्य जवळ येत होतं. म्हणून तर गावातले लोक म्हणत होते, आता फार दिवस नाहीत. पुस्तकात मोशे नावाचा ज्यूंच्या देवळातला गरीब सेवेकरी आहे. परदेशी ज्यू म्हणून १९४१ मध्येच त्याला हद्दपार केलं होतं. तिथली कत्तल बघून, कसाबसा वाचून तो परत येतो आणि दारोदार सांगत फिरतो. कुणी ऐकत नाही. पुढे गाडीत श्रीमती शेख्टर आग दिसते म्हणून ओरडतात, तर लोक त्यांना बांधतात, मारतात, आणि हे सगळं त्यांचा लहान मुलगा शेजारी बसून बघतो. वीझेल यांच्या जुन्या मोलकरणीनं तर घेट्टोत येऊन आपल्या गावी लपायची जागा देऊ केली होती. वडील नाही म्हणाले.

'मग चूक त्यांचीच' असं एखादा मुलगा म्हणतोच. मी त्याला ओरडत नाही. त्याला विचारते, तुझ्या घरी आज रात्री कुणी येऊन म्हणालं की सगळं सोडून चला, पुढच्या महिन्यात तुम्हाला सगळ्यांना मारणार आहेत, तर तुझे आईबाबा काय म्हणतील? वर्ग शांत होतो. आपण शेवट माहीत असताना वाचतोय आणि ते शेवट माहीत नसताना जगत होते, हा फरक मुलांना एकदा समजला की पुढचं वाचन वेगळं होतं.

बुनाच्या दवाखान्याचा प्रसंगही तसाच. जानेवारी १९४५ मध्ये छावणी रिकामी करायचा हुकूम येतो. एलीच्या पायावर नुकती शस्त्रक्रिया झालीय. दवाखान्यात राहायचं की बर्फातून चालत निघायचं, हे बापलेकांना ठरवायचंय. मागे राहिलेल्यांना मारून टाकतील अशी सगळ्यांना धास्ती. दोघं निघतात. दवाखान्यात राहिलेल्यांची काही दिवसांतच रशियन सैन्यानं सुटका केली. इटालियन लेखक प्रीमो लेवी त्याच छावणीत होते, तापानं आजारी म्हणून मागे राहिले आणि २७ जानेवारीला सुटले. एली आणि वडील ग्लायविट्झमार्गे, शेवटी उघड्या डब्यांतून, जर्मनीतल्या बुखेनवाल्डच्या छावणीत पोचले आणि वडील तिथे त्याच महिन्याच्या अखेरीस गेले. बरोबर निर्णय कुठला होता, असं परीक्षेत विचारणारे शिक्षक मी पाहिलेत. हा प्रश्न विचारूच नये. त्यांच्यापुढे जे दोन रस्ते होते त्यातला चांगला कुठला हे कळायला कुठलाच आधार नव्हता.

याच कारणासाठी मी 'जगण्याची जिद्द' हा निबंधाचा विषय कधी देत नाही. मुलांना तो फार सोपा वाटतो आणि पालकांनाही आवडतो. पण जे वाचले ते जिद्दीमुळे वाचले असं म्हटलं, की जे मेले त्यांच्यात जिद्द नव्हती असं आपोआप ठरतं. त्सिपोरा सात वर्षांची होती. तिच्यात काय कमी होतं? एली वाचला कारण उतरल्या उतरल्या एका कैद्यानं त्याला वय अठरा सांगायला सांगितलं आणि वडिलांना पन्नासचं चाळीस. कारण तो शेवटच्या वर्षात आला. कारण त्याच्या नव्या बुटांवर चिखलाचा थर होता म्हणून ते काही काळ कुणाच्या डोळ्यावर आले नाहीत. असे योगायोग पुस्तकभर आहेत.

जिद्दीऐवजी मी मुलांना बापलेकाचा धागा धरायला लावते. पहिल्याच दिवशी वडिलांना थोबाडीत बसते आणि मुलगा जागचा हलत नाही, त्याचं त्यालाच नवल वाटतं. पुढे एक कापो, म्हणजे कैद्यांवर नेमलेला कैदी मुकादम, वडिलांना लोखंडी सळीनं मारतो, तेव्हा मुलाला राग येतो तो वडिलांचाच, त्यांना मार चुकवता येत नाही म्हणून. मधेच एक विलक्षण प्रसंग आहे: वडिलांना कवायतीत पाय मिळवता येत नाहीत म्हणून मार पडतो, तर हा मुलगा बराकीसमोर त्यांना डावा-उजवा शिकवत बसतो आणि बाकीचे कैदी हसतात. मग बर्फातल्या त्या पायपिटीत एक म्हातारा रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, आपल्या मुलाला शोधत येतो. एलीला नंतर आठवतं की तो मुलगा बाप मागे पडतोय हे पाहून मुद्दाम पुढे पळाला होता. तेव्हा तो, ज्या देवावर आता विश्वास उरलेला नाही त्याच देवाला विनवतो की माझ्या हातून असं कधी होऊ देऊ नकोस. आणि बुखेनवाल्डला वडील शेवटी त्याचं नाव घेऊन हाक मारतात, तेव्हा तो खाली उतरत नाही. वीझेल यांनी हे लपवलं नाही, सौम्यही केलं नाही. २००६ च्या नव्या इंग्रजी आवृत्तीच्या प्रस्तावनेत तर यिद्दिश मजकुरातला आणखी कठोर भाग त्यांनी दिलाय. एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलानं जन्मभर जवळ बाळगलेलं हे ओझं आहे, आणि वर्गातली मुलं नेमकी त्याच वयाची असतात. तुमची मुलगी गप्प झाली असेल तर बहुधा इथेच कुठेतरी.

म्हणून जेवणाबद्दल. पुस्तकात भाकरी आणि सूप पानोपानी आहे, त्यामुळे ताटावर बसल्यावर तिला आठवणं साहजिक आहे. 'अगं, इतकं मनाला लावून घेऊ नकोस' म्हणू नका आणि 'बघ, तुला किती सुखात सगळं मिळतंय' हे तर मुळीच नको. या दुसऱ्या वाक्यानं मुलं त्या कैद्यांपासून आणि आपल्यापासून, दोघांपासून दूर जातात. तुम्ही पुस्तक वाचा. एका सुट्टीच्या दिवसात वाचून होतं. मग तिला एवढंच विचारा: कुठली जागा पुन्हा वाचावीशी वाटली? ती जागा दोघींनी मोठ्यानं वाचा, तिला बोलायचं असेल तेवढं बोलू द्या. झोपायच्या आधी वाचायला देऊ नका, दुपारी वाचू दे. इथली बरीच मुलं आठवीत ॲन फ्रँक या नाझींपासून लपून राहिलेल्या ज्यू मुलीची डायरी वाचून आलेली असतात. ती डायरी अटकेच्या तीन दिवस आधी, १ ऑगस्ट १९४४ ला थांबते. छावणी तिच्यात येतच नाही. त्यामुळे इथेही शेवटी काहीतरी दिलासा मिळेल अशी मुलांची नकळत अपेक्षा असते. तो मिळत नाही, हे तिला आधीच सांगितलंत तरी काही बिघडत नाही.

तिच्या शाळेत रेल्वेचा डबा म्हणून जमिनीवर चौकोन आखून त्यात मुलांना दाटीनं उभं करायचा किंवा पिवळे तारे लावून फिरवायचा 'अनुभव' देणार असतील, तर शिक्षकांना भेटून नम्रपणे पण स्पष्टपणे विरोध करा. वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट स्मृती संग्रहालयही शिक्षकांना अशा नकली प्रसंगांपासून दूर राहायला सांगतं. डब्यात ऐंशी माणसं असण्याचा अनुभव वर्गात मिळत नाही; मुलांना मिळते ती गंमत किंवा भलतीच भीती. त्यापेक्षा 'ऑशविट्झ अल्बम' मागून बघा. १९४४ च्या मे-जूनमध्ये हंगेरीतून आलेल्या गाड्या उतरताना एसएसच्याच लोकांनी काढलेले ते फोटो आहेत. लिली जेकब या सुटका झालेल्या मुलीला तो अल्बम दुसऱ्या एका छावणीत सापडला आणि त्यात तिला स्वतःची माणसं दिसली. आज तो जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारक संस्थेकडे आहे. त्यात रक्त नाही, प्रेतं नाहीत. झाडांखाली बोचकी घेऊन बसलेल्या आज्या, कोट घातलेली पोरं, वाट बघताहेत. सिगेटची माणसं उतरली ती याच दिवसांत, याच फलाटावर.

आता घरातलं एक अवघड बोलते. आपल्याकडे नातेवाईकांच्या गप्पांत 'देशाला एक हिटलरच पाहिजे' हे वाक्य सहज टाकलं जातं. पुण्या-मुंबईच्या फुटपाथवर त्याचं आत्मचरित्र मराठीतही मिळतं आणि लोक ते व्यवस्थापनाचं पुस्तक असल्यासारखं विकत घेतात. तुमच्या मुलीनं हे वाक्य ऐकलं असेल किंवा उन्हाळ्यात भारतात गेल्यावर ऐकेल. तेव्हा मोठ्यांचा मान म्हणून गप्प बसू नका. तिच्यासमोर, काका-मामांशी आदरानंच, पण म्हणा की हे चुकीचं आहे आणि का ते. ती तुमच्याकडे बघत असेल. तिला हेही सांगा की ज्यू म्हणजे कुणी लांबचे लोक नाहीत. अलिबाग, रेवदंडा, पेण या भागात बेने इस्राएली पिढ्यान् पिढ्या मराठी बोलत राहिले, तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावानं त्यांना शनिवार तेली म्हटलं. पुण्याचं लाल देऊळ, म्हणजे तिथलं ज्यूंचं प्रार्थनागृह, तिनं बाहेरून पाहिलंही असेल. महाराष्ट्रात ज्यूंच्या वाट्याला असा छळ आला नाही, हे तिला ठाऊक असावं. 'आपण किती चांगले' असा त्याचा अर्थ लावायची मात्र गरज नाही.

राहिला स्वस्तिकाचा प्रश्न. काढू नका. नाझींनी ते चिन्ह बहुतेक वेळा काळं, पांढऱ्या वर्तुळात, लाल झेंड्यावर आणि पंचेचाळीस अंशांत तिरकं करून वापरलं. आपल्या उंबऱ्यावरचं कुंकवाचं, चार टिंबांचं स्वस्तिक त्याहून कितीतरी जुनं आहे आणि त्याचा अर्थ वेगळा आहे. पण तिच्या वर्गात अशी मुलं असू शकतात ज्यांच्या पणजोबांनी तेच चिन्ह दंडावर लावलेली माणसं दारात पाहिली. त्यांच्यापैकी कुणी घरी येणार असेल तर दारातच, न विचारता, दोन वाक्यांत समजावून सांगायची तयारी तिची असू दे. ती दोन वाक्यं तिनं स्वतः तयार करावीत, इंग्रजीत. हवं तर तिच्या शिक्षकांना आधी वाचून दाखवायला सांगा. तिला झोप येत नसेल किंवा जेवण आठवडाभर असंच राहिलं तर तेही त्यांना ईमेलनं कळवा. बहुतेक शिक्षक वाचनाचा वेग कमी करतात किंवा एखादा भाग वर्गातच सोबत वाचायची सोय करतात, आणि समुपदेशकांशीही गाठ घालून देतात.